भिंतीचं देणं

शिंदखेड्यात घर बांधायला काढलं की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. बोअर कुठे घ्यायचं, स्लॅब कोणत्या महिन्यात टाकायचा, फरशी कुठून आणायची, दार कोणत्या दिशेला ठेवायचं, हे रस्त्यानं जाणारा माणूसही थांबून सांगतो. भिंतीवर काय लावायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते सांगणारा माणूस भेटला. त्यांची फी मी पै न् पै चुकती केली, पावतीही घेतली. तरी त्यांचं देणं माझ्याकडे बाकी आहे, आणि ते कसलं देणं, हे एकदा नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

वडील गेल्यावर आमचं जुनं धाब्याचं घर पावसाळ्यात जागोजागी गळायला लागलं. आई नाशिकला माझ्याकडे यायला तयार नव्हती. मग त्याच जागेवर नवं घर बांधायचं ठरलं. घर उभं राहिलं, रंग झाला, आणि पांढऱ्या भिंती बघून मला भीती वाटू लागली. ओळखीच्या एका इंटिरिअरवाल्यानं मोबाइलवर चित्रांची यादी पाठवली: सात घोडे, ध्यानस्थ बुद्ध, सोनेरी पानांचं झाड, आणि सोफ्याच्या रंगाला जुळणारं काहीतरी. "मॅडम, सेटमध्येच घ्या, स्वस्त पडेल," असं तो म्हणाला.

आई तेव्हा एवढंच म्हणाली, "जिभाऊले इचार."

जिभाऊ आईच्या माहेरच्या गावचे, बुराई नदीकाठचे. आईचे ते जिभाऊ, म्हणून गावकीच्या नात्यानं माझे मामा. तरुणपणी सुरत-भुसावळ लाइनीची गाडी पकडून ते बाहेर पडले आणि मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पोचले. शिक्षण झाल्यावर चित्रकार म्हणून नाव निघालं नाही, असं ते स्वतःच सांगत. काही वर्षं गॅलऱ्यांमध्ये प्रदर्शनं टांगायचं काम केलं, मग काही व्यापारी घरांना चित्रं घ्यायला मदत केली. साठी उलटल्यावर गावी परतले आणि कपाशी बघू लागले. चित्रं घ्यायला मदत करणाऱ्याला मुंबईत आर्ट अ‍ॅडव्हायझर म्हणतात. आमच्याकडे लोक म्हणत, जिभाऊ फोटो लावून देतात.

ते घरी आले तेव्हा बरोबर एकही चित्र किंवा कॅटलॉग नव्हता. सकाळी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला, दुपारी आतल्या खोलीत जाऊन बसले, संध्याकाळी पुन्हा बाहेरच्या. ऊन कोणत्या भिंतीवर कधी येतं आणि कधी उतरतं, ते बघत होते. आई कुठे बसते, कुठे पडते, धान्य कुठे निवडते, हे विचारत होते. मी यादी पुढे केली तर ती बाजूला ठेवून म्हणाले, "आधी फीचं बोलू."

मला अवघडल्यासारखं झालं. गावचा मामा, आणि फी? त्यांनी शांतपणे सांगितलं, "गॅलरी विकलेल्या चित्रावर कमिशन घेते, तो तिचा धंदा आहे. सल्ला देणाऱ्यानंही गॅलरीकडून, चित्रकाराकडून, फ्रेमवाल्याकडून आपला वाटा घेतला, तर तो कुणाचा माणूस? मग तो तुला महाग चित्रच चांगलं म्हणून सांगणार. माझे पैसे तू दे, म्हणजे मी तुझा. आणि 'यातलं काहीच घेऊ नको' हेही मी तुला सांगू शकेन." पुढे मी नाशिकच्या आणि पुण्याच्या ओळखीच्या लोकांना घर सजवताना पाहिलं. तुमचे पैसे नेमके कुणाकडून येतात, हा प्रश्न सल्लागाराला विचारणारा त्यांत मला कुणी दिसला नाही. मामांनी मी न विचारताच उत्तर दिलं होतं.

मग त्यांनी जुन्या घरातल्या तसबिरी मागितल्या. त्या कोठीत गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. जुन्या घरात त्या आढ्याखाली एका ओळीत, पुढे झुकवून टांगलेल्या असत: आजोबा, देवदेवता, पुढारी, आणि लग्नातला एक ग्रुप फोटो. मामांनी एकेक उघडून भिंगाखाली धरली. लक्ष्मीचं चित्र आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राजा रविवर्म्यांचं म्हणून पूजत आलो होतो. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथल्या छापील चित्रांनी देवांना गरिबाच्या घरात आणून बसवलं, हे त्यांनी आईला गोष्टीसारखं सांगितलं. जुन्या दगडी छपाईत भिंगाखाली रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात, नंतरच्या ऑफसेट छपाईत सारख्या ठिपक्यांची जाळी दिसते. आमच्या लक्ष्मीत जाळी होती. कुठल्यातरी कॅलेंडरवरून कापलेली ती नंतरची नक्कल होती. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाले, "बाजारात हिला किंमत नाही. तुझ्या आजीनं हिच्यापुढे रोज दिवा लावला. ती किंमत बाजार लावत नाही, आपण लावायची." लक्ष्मीच्या मागचा पुठ्ठा आणि वर्तमानपत्र पिवळं पडून कागदाला खात होतं. ते काढून आम्लरहित बोर्डावर तिला नव्यानं बसवून घेतलं, आणि काच कागदाला चिकटू नये म्हणून मधे माउंटची कड ठेवली.

त्याच गोणपाटातून एक चौकट निघाली, जिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. लाल कापडावर मण्यांनी भरलेले दोन मोर, मधे कमळ. आत्यानं लग्नाआधी रुखवतासाठी केलेले. मामा ते फार वेळ बघत राहिले. मोरांच्या मानेवर निळे मणी संपले असावेत. तिथे तिनं हिरवे आणि काळे आलटून पालटून लावून निळ्याचा भास आणला होता. "हाई कोनं शे?" त्यांनी विचारलं. आईनं नाव सांगितलं. "मंग हाई बाहेरनी खोलीमा लागी," मामा म्हणाले, आणि तो विषय त्यांच्या बाजूनं संपला.

माझा हट्ट मात्र अजिंठ्याच्या पद्मपाणीवर होता. एका दुकानात कॅनव्हासवर मोठा पद्मपाणी पाहिला होता, वर हाताला लागणारे ब्रशचे फटकारे, आणि दुकानदार त्याला 'हँडमेड' म्हणत होता. मामांनी त्याचा फोटो मोठा करून दाखवला: खाली छापील चित्र, वर पारदर्शक जेलचे फटकारे, तेही चित्राच्या रेषांशी न जुळणारे. नक्कल असण्याला त्यांची हरकत नव्हती. ते म्हणाले, "नकलेला हलकं समजू नको. भुसावळला एक कबर आहे, रॉबर्ट गिलची. कंपनी सरकारनं 1844 मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. पुढली कित्येक वर्षं त्यानं त्यात घातली. त्या मोठाल्या चित्रांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो 1879 मध्ये आपल्या खानदेशातच गेला. मग आमच्या जे. जे.चे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून तेरा वर्षं तेच काम करत राहिले. ती नक्कल. 'ही नक्कल आहे' असं सांगून केलेली. हे जे तू आणते आहेस, ते खोटं बोलतंय." मी तो पद्मपाणी आणला नाही.

सात घोड्यांची त्यांनी थट्टा केली नाही. "श्रद्धा असेल तर लाव, शेजारणीनं लावलं म्हणून नको," एवढंच.

"आपल्या भागात कुठे कला आहे, मुंबईहूनच आणावं लागणार," असं मी एकदा बोलून गेले. त्यावर त्यांनी गोंदूरचं नाव घेतलं. धुळ्याजवळच्या त्या गावी 1925 मध्ये जन्मलेल्या राम सुतारांनी 182 मीटर उंचीचे सरदार पटेल उभे केले. आणि मग ते मला चाळीसगावला घेऊन गेले, केकी मूसांच्या घरी. मूसबाबा 1912 मध्ये जन्मले, 1989 मध्ये गेले. मोठमोठ्या शहरांतून बोलावणी असावीत अशा योग्यतेचा हा छायाचित्रकार स्टेशनाजवळच्या त्या घरातून क्वचितच बाहेर पडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश खेळवून त्यानं आख्खे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. ते घर आज संग्रहालय आहे. तिथे उभं राहून मामांनी मला एक काम सांगितलं: एका भिंतीसमोर थांब, आणि सगळ्यात आवडलेला फोटो का आवडला ते एका वाक्यात सांग, पण त्यात काय दाखवलंय ते सांगायचं नाही. मला जमेना. "जमेपर्यंत खरेदी नाही," म्हणाले.

पुढे आम्ही मुंबईला गेलो. जहांगीर आर्ट गॅलरी, तिच्या बाहेर काळा घोड्याच्या फुटपाथवर बसणारे चित्रकार, पावसाळ्यात भरणारं नवोदितांचं मान्सून प्रदर्शन. मामांचा भर तरुणांवर. मोठ्या नावाची छापील प्रत घेण्यापेक्षा लहान नावाचं मूळ चित्र घे, हा त्यांचा नियम. चित्र कोणत्या कागदावर, कोणत्या रंगात, सही आणि साल कुठे, पावती आणि चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र मिळेल का, हे ते मला विचारायला लावत. एचिंग किंवा लिनोकट असेल तर खाली पेन्सिलीनं 7/25 असं काही लिहिलेलं असतं. पंचवीस प्रतींपैकी ही सातवी, हे त्यांनीच समजावलं. शिकणाऱ्या पोरांशी त्यांनी भाव केला नाही. "परवडत नसेल तर लहान चित्र घे. त्याच्या रंगाच्या पैशात घासाघीस नको."

आवडलेल्या चित्रांचे फोटो घेऊन आम्ही परतलो. मामांनी तेवढ्या मापाचे खाकी कागद कापून भिंतीवर चिकटवले आणि आईला म्हणाले, "आते याससंगे ऱ्हाय." आईनं मधूनमधून कागद हलवायला लावले. मला खात्री होती की तिला कपाशीच्या शेताचं जलरंगातलं चित्र आवडेल. तिनं ते पहिल्यांदा बाद केलं. "शेत जलमभर दखं. आते भितवर बी तेच?" आणि बोट ठेवलं एका लहानशा निळ्या अमूर्त चित्रावर. त्यात ना झाड, ना माणूस, नुसते निळ्याचे थर. कारण विचारलं तर म्हणाली, "डोयासले थंड लागस."

मामा इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. मला म्हणाले, "तू विषय निवडत होतीस. तुझ्या आईनं चित्र निवडलं." चाळीसगावला माझ्याकडून जे वाक्य निघालं नव्हतं, ते तिनं तीन शब्दांत सांगितलं होतं.

टांगण्यातही त्यांनी घाई केली नाही. नवं प्लास्टर पूर्ण सुकायला एक उन्हाळा जाऊ दिला. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, म्हणून त्या भिंतीवर कागदावरचं काहीच लावलं नाही. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे हवा खेळेल आणि पावसाळ्यात कसर लागणार नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर, हा गॅलरीचा हिशोब. पण निळं चित्र त्यांनी त्याहून बरंच खाली लावलं, कारण आई तिथे खाली बसून धान्य निवडते. "तुले रोज दखनं शे, पाव्हनाले नही," त्यांनी आईला सांगितलं. देवघरालगतची भिंत मात्र रिकामी ठेवायला आईनंच सांगितलं. तिथे काही लागलं तर श्रावणात कानबाई कुठे बसवायची? मामांनी लगेच मान डोलावली. गॅलरीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला रिकाम्या भिंतीचं महत्त्व पटवून द्यावं लागलं नाही.

बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल अशा जागी, आत्याचे मोर लागले. बाजूला मामांनी गॅलरीत लावतात तशी छोटी पट्टी लावली: आत्याचं माहेरचं पूर्ण नाव, खाली 'मणीकाम, कापड', आणि तिच्या लग्नाच्या आदलं साल. आत्या वास्तुशांतीला आली. पट्टी तिनं वाचली आणि कुणाशी न बोलता आत जाऊन बसली. नंतर ती आईला म्हणाली, की सासरी-माहेरी तिच्या हातच्या वस्तू आजवर खूप वापरल्या गेल्या, पण त्यावर नाव पहिल्यांदा लागलं. तिच्या सुनांनी त्या दिवशी मोरांसमोर उभं राहून फोटो काढले.

मामा आता नाहीत. त्यांच्या फीची पावती माझ्याकडे फाइलमध्ये आहे, आणि हिशोबानं आमचं काही देणंघेणं उरलेलं नाही. पण मला त्यांनी चित्रं निवडून दिली नाहीत. आईला स्वतःच्या भिंतीवरचा हक्क दिला, आत्याला तिचं नाव दिलं, आणि मला 'का आवडलं' हे स्वतःला विचारायची सवय लावली. यातलं काहीही फीमध्ये धरलेलं नव्हतं.

चित्र घ्यायला फार पैसा लागतो, असं समजून अनेक जण भिंतीवर येईल ते लावतात. प्रत्येक तालुक्याच्या गावात एखादे तरी निवृत्त ड्रॉइंगचे सर असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पिढ्या बसवलेले, आणि आता कुणी काही विचारत नाही असे. नवं घर बांधलंत तर फरशीवाल्याच्या आधी त्यांना घरी बोलवा. दिवसभर बसू द्या, जुन्या तसबिरी दाखवा, आणि त्यांची फी आधी विचारून वेळेवर द्या.