शेपूट

सव्वीस वर्षं पोकलेन मशीनवर काढली आणि मशीनचं शेपूट नीट पाहिलं ते यंदा, खाली उभा राहिल्यावर. मानेचे मणके झिजलेत. उजवीकडं वळून बघायला गेलो की कळ थेट दंडात उतरते. मालक म्हणाले, "थोडे दिवस खालून सिग्नल द्या." केबिनमध्ये आता माझा भाचा बसतो. चार वर्षं माझ्याच हाताखाली ग्रीस गन चालवलेला.

शेपूट म्हणजे काउंटरवेट, मशीनच्या मागचं वजन. वीस टनी मशीन आडवं फिरलं की हे शेपूट चेनच्या बाहेर चारेक फूट येतं. पाव चक्कर फिरायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस पडलेला विळा उचलायला वाकतो.

या धंद्यातलं एक कोडं मला अजून सुटलेलं नाही. केबिन डावीकडं, बूम उजवीकडं. बूमच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून हायवा डंपर आपण डाव्या हाताला लावून घेतो. बकेट डावीकडं वळते, डोळे तिच्यामागं जातात, आणि नेमकं त्याच वेळी शेपूट उजवीकडं निघतं, जिथं आपल्याला काहीच दिसत नाही. बरं, हायवा उजवीकडं लावला, तर शेपूट दिसत्या बाजूला येतं खरं, पण भरलेली बकेट आंधळ्या बाजूला जाते. कितीतरी रात्री यावर डोकं खाजवलंय. आरसा लावा, अर्ध्या तासात धुळीनं भरतो. कॅमेऱ्यावर चिखल उडतो. शेपटाचा फेरा आखून फक्कीचं गोल रिंगण मारा, तर मशीन दहा फूट मागं सरकतं आणि रिंगण तिथंच राहतं. मग त्या जुन्या रिंगणाबाहेर उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. ते तर रिंगण नसण्यापेक्षा वाईट.

हल्लीची पोरं बकेटच्या दातानं सोड्याच्या बाटलीचं बूच काढतात आणि रील टाकतात. २०१९ साली जेसीबीची खुदाई बघायचं खूळ आलं होतं, तेव्हापासून तर प्रत्येकाला प्रेक्षक लागतात. मी त्यांना नावं ठेवतो. पण बूच मीही काढलंय, फक्त तेव्हा मोबाईलला कॅमेरे नव्हते.

आणि माझा खरा माज वेगळाच होता. पाच मिनिटांत हायवा भरणारा म्हणून माझं नाव होतं. बाणेरच्या बाजूला एका तळघराचं खोदकाम चालू होतं, पैसे ट्रिपवर. मागं मुरमाची उभी कापलेली भिंत. दुपारी साइटवर सावली एकच, माझ्या मशीनची. हेल्पर तिथं बसून जेवायचा. मला माहीत होतं. 'ऊठ' म्हणायचं तर मशीन थांबवावं लागलं असतं.

त्या दिवशी तो पाणी आणायला गेला होता. स्विंग मारताना मागं काहीतरी घासल्यासारखं वाटलं, तरी मी ती बकेट रिकामी केली आणि मगच थांबलो. भिंतीत छातीच्या उंचीवर त्यानं एक खोबण केली होती, डबा ठेवायला. डबा मुरमात चपटा होऊन बसलेला. झाकण आणि तळ एक झालेले, मधून बाजरीच्या भाकरीची कड बाहेर आलेली, वर लाल चटणी.

मी काय केलं? त्याच्यावरच ओरडलो. "मशीनमागं बसायची जागा आहे का ही?" सुपरवायझरनंही माझीच री ओढली. पोरगा मान खाली घालून डबा खरवडून काढत होता. आठवड्याभरात तो साइट सोडून गेला. मी मात्र त्या दिवशीच्या ट्रिपा मोजून घेतल्या, तेही सांगून टाकतो.

भाचा हळू आहे. प्रत्येक स्विंगआधी हॉर्न देतो, हायवावाले वैतागतात. त्याला लागतात आठ मिनिटं. "अरे, मशीन चालवतोयस का वरात?" असं मी त्याला दोनदा सुनावलंय.

परवा त्याला बेंच कुठं तोडायचा ते हातानं दाखवत होतो. मशीन नुकतंच मागं घेतलेलं, रिंगण जुनंच. हॉर्न वाजला, मला वाटलं, नेहमीचाच. मशीन हललं नाही. बघतो तर त्यानं सेफ्टी लिव्हर ओढून दोन्ही हात वर केलेले.

"मामा, मागं सरा."

चार हायवावाले बघत होते. मला राग आला. "मला शिकवतोस?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. शेपूट माझ्या पोटापासून दोन हातांवर होतं, त्यावर वाळलेल्या चिखलात कुणीतरी बोटानं आपलं नाव लिहिलेलं. ते वाचता येत होतं.

मी मागं सरलो आणि फक्कीची पाटी घेऊन नवं रिंगण मारायला लागलो.