खिशातले दगड

आमच्या युवक मंडळातील एका मुलाने परवा विचारले, "फादर, प्रेक्षकाला किळस यावी, धक्का बसावा, एवढ्याचसाठी चित्रपट काढणारेही असतात म्हणे. ते पाहणे पाप आहे का?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

अशी मंडळी होऊन गेली खरी. न्यूयॉर्कच्या निक झेड याने १९८५ साली जाहीरनामाच काढला: जो चित्रपट धक्का देत नाही, तो पाहण्याच्या लायकीचा नाही! स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यावर काढलेल्या या चित्रपटांना सभ्य चित्रगृहांत थारा नसे. म्हणून ते 'भूमिगत'. त्यांचा पूर्वज म्हणजे लुई बुन्युएल, येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेला स्पॅनिश दिग्दर्शक. १९२९ साली पॅरिसमध्ये त्याचा पहिला लघुपट दाखवण्यात आला. आरंभीच वस्तऱ्याने डोळा चिरल्याचे दृश्य! प्रेक्षक अंगावर धावून येतील या भीतीने आपण खिशात दगड भरून पडद्यामागे उभे होतो, असे त्याने पुढे सांगितले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दगड वाया गेले.

या पंथाची अडचण आम्हाला तिथेच दिसते. धक्का बसलेला माणूस टाळ्या वाजवून घरी जातो आणि पुढच्या खेपेस त्याला अधिक मोठा धक्का हवा असतो. (तिखटाचेही तसेच, सोलापूरकरांना ते सांगायला नको.)

एक दगड मात्र आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने मारला, आणि तो वाया गेला नाही. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली प्रदर्शित झाला. तो भूमिगत नव्हता. राजरोस चित्रगृहात लागला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते आणि गाव कडेला उभे राहून खिदळते. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो येतो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे खुर्चीत बसलेल्या आमच्या दिशेने.

आम्ही चक्क मान बाजूला घेतली.

दगड ओळखीचा होता. नवव्या-दहाव्या वर्षी गावच्या ओढ्याकाठी आम्हीही त्या बघ्यांत उभे होतो. डुकरामागे धावणारा माणूस चिखलात आडवा झाला, तेव्हा आमचेच हसू सर्वांत मोठे होते. त्याच्यासोबत त्याचा मुलगा होता, आमच्याच वर्गातला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. आम्ही चौकशीही केली नाही. पापनिवेदनात आम्ही खोटे बोलणे सांगत असू, बोरे चोरणे सांगत असू. हे हसणे कधी सांगितले नव्हते. ते पाप आहे असे मनातच आले नव्हते. 'फँड्री' पाहिल्यानंतरच्या आठवड्यात ते प्रथमच सांगितले. ऐकणारे धर्मगुरू वयाने आमच्याहून बरेच लहान. क्षणभर त्यांनाही काय बोलावे ते सुचले नाही.

त्या मुलाला आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही. प्रायश्चित्तकाळातील पहिल्या रविवारी, मिस्सानंतर, सभागृहात 'फँड्री' दाखवायचे ठरले आहे. पुढच्या रांगेत, त्याच्या शेजारी, आम्ही आमची खुर्ची मांडायला सांगितली आहे.