तोंड मिट!

मागच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्या धाकट्या भावाला मी दिवसातून दहा वेळा एकच हुकूम सोडायचो, “तोंड मिट!” तो नऊ वर्षांचा आहे. टीव्ही बघताना, गृहपाठ करताना त्याचं तोंड उघडंच असतं. इथल्या ड्रिलची सवय अशी, की दीड दिवसाचा रेल्वे प्रवास करून घरी गेलो तरी समोरच्याला सरळ करावंसं वाटतं. तो बिचारा ओठ जुळवायचा. मिनिटभरात ते पुन्हा उघडायचे.

त्याला जन्मापासून स्नायूंचा आजार आहे, हे मला ठाऊक होतं. जिना चढताना दमतो, पळताना मागे पडतो, एवढंच मी त्यात धरलं होतं. चेहऱ्यातही स्नायू असतात हे डोक्यातच आलं नाही.

त्या सुट्टीत आईबरोबर मीही त्याला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मॅडमनी मला गालाच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून दात आवळायला सांगितलं. बोटांखाली टणक गाठ वर आली. तो मॅसेटर, गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा चावण्याचा स्नायू. मग भावाच्या गालावर बोटं ठेवायला सांगितली. त्यानं डोळे मिटून जोर लावला. बोटांना जेमतेम काही लागलं.

चेहऱ्याचा मूळ साचा आईबाबांकडून येतो. पण वाढत्या वयात हाड स्नायूच्या ओढीलाही दाद देतं. ओढ जोरदार असेल तर जबड्याचा कोपरा ठळक होतो, चेहरा रुंद दिसतो. ओढ फारच कमी पडली तर खालचा जबडा खाली आणि मागे झुकत वाढतो, दाढा जास्त वर येतात, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत आणि चेहरा लांबट होत जातो. मऊ अन्नावर वाढवलेल्या उंदरांचे जबडे लहान राहतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. (आमच्या डॉर्मिटरीत ‘जॉलाइन’साठी च्युइंगम चघळणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. त्यानं स्नायू फुगेल, साचा तोच राहील.)

आम्ही दोघं तीन वर्षांचे असतानाचे फोटो शेजारी ठेवले, तर कोण कुठला ते आजीलाही सांगता येत नाही. आता लोक विचारतात, “हा तुझा सख्खा भाऊ?”

मेसमुळे माझं ताट घरी सगळ्यांच्या आधी रिकामं होतं आणि मी उठतो. त्या रात्री बसून राहिलो. त्याच्या वाटीत दुधात कुस्करलेली भाकरी होती. दोन-तीन घासांनंतर तो थांबायचा, हनुवटीला हात लावून जबडा सावरायचा. ती वाईट खोड आहे म्हणून मी त्यावरूनही ओरडलो होतो. मी बघतोय हे दिसताच त्यानं घाईघाईनं ओठ मिटले.

“राहू दे,” मी म्हणालो.

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं पुढचा घास घेतला. वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली.