टोपीवालं क्रियापद

इंग्रजी व्याकरणात इन्फिनिटिव्ह नावाचा एक गडी आहे. 'टू' ही त्याची टोपी. कर्ता एकटा असो की गावभर, गोष्ट कालची असो की आजची, हा आपला आहे तसाच: आय वाँट टू गो, ही वाँट्स टू गो, दे वाँटेड टू गो. काळ-वचनाचं ओझं शेजारच्या 'वाँट'नं वाहायचं. माढ्याच्या वर्गातली पोरं 'ही वाँट्स टू गोज' म्हणतात ती आळसानं नव्हे. 'ही'पुढच्या 'एस'चा धाकच एवढा बसलेला असतो.

माढ्याचा शेतकरी पंप घ्यायला कुर्डूवाडीला जातो. इंग्रजीत तो 'टू कुर्डूवाडी' जातो आणि 'टू बाय अ पंप' जातो. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी 'ला', तिकडे दोन्ही ठिकाणी 'टू'. जुन्या इंग्रजीत हा 'टू' दिशा दाखवायचा. गावाकडे नेता नेता कामाकडेही नेऊ लागला. म्हणून या गड्याचं तोंड बहुधा पुढं, अजून व्हायच्या कामाकडं. 'रिमेंबर्ड टू स्टार्ट द मोटर' म्हणजे आधी आठवलं, मग मोटर चालू केली. 'रिमेंबर्ड स्टार्टिंग द मोटर' म्हणजे मोटर केव्हाच चालू केलेली, आठवलं मागून. तोवर उसाचा बांध फुटलेलाही असेल. रात्रीच्या लायटीवर दारं धरणाऱ्याला हा फरक कुठल्याही मास्तरापेक्षा लवकर कळेल.

टोपीचे नखरे मात्र आहेत. कॅन, मस्ट, लेट, मेक यांच्यापुढं ती उतरवायची: 'दे मेड हिम वेट'. तेच वाक्य कर्मणी केलं की पुन्हा डोक्यावर: 'ही वॉज मेड टू वेट'. इथं घोकण्याला पर्याय नाही, हे माझं मत. टोपी आणि डोकं यांच्यामध्ये 'क्विकली'सारखा शब्द घुसवलेला कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांना १८६४ साली खपला नव्हता. लोक घुसवतच राहिले.

त्याची खरी ऐट वर्तमानपत्री मथळ्यात. २००९ साली शरद पवार माढ्यातून लोकसभेला उभे राहिले. इंग्रजी मथळ्याच्या रीतीत ती बातमी 'पवार टू कंटेस्ट फ्रॉम माढा' अशी बसते. 'विल' नाही, 'इज' नाही. टोपीवाल्यानं एकट्यानं भविष्यकाळ तोलायचा. निकाल लागला की त्याला तिथून उठवतात आणि जागेवर 'विन्स' येऊन बसतं.