ध्रुववृत्तावर, नातवंडांच्या चालीने

पुण्याचा आणि उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचा संबंध फार जुना आहे. १८९७-९८ च्या कारावासात लोकमान्य टिळकांनी ऋग्वेदाचे बारकाईने वाचन केले आणि पुढे १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ पुण्यातून प्रसिद्ध झाला. कित्येक दिवस टिकणारी उषा आणि महिनोन्‌महिने न सरणारी रात्र यांची वर्णने वैदिक सूक्तांत आहेत, त्यावरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विद्वानांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही, हा भाग वेगळा. टिळकांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता, मात्र पुण्यात बसून त्यांनी त्याचा ध्यास घेतला. अलीकडे, २०२३ च्या डिसेंबरात, स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ या भारतीय संशोधन केंद्रात पहिली हिवाळी मोहीम गेली. तिच्या पहिल्या तुकडीत पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे संशोधकही होते.

आता हा ध्यास नातवंडांना लागला आहे. हिरवा ध्रुवीय प्रकाश, हरणांची घसरगाडी आणि सांताक्लॉजचे गाव त्यांनी पडद्यावर पाहिलेले असते. मुलगा आणि सून सुट्टीचा हिशोब मांडतात. मग घरात एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : ‘आई-बाबांना न्यायचे का?’ हा प्रश्न त्यांच्या पाठीमागे न विचारता त्यांच्यासमोरच विचारला जावा, म्हणून हा लेख आपल्या दोघांसाठी आहे. जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांना नेणाऱ्यांसाठीही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बर्फ म्हटले की आपल्याला लेह आठवते आणि लेह म्हटले की धाप. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तेथे त्रास होतो तो विरळ हवेचा. ध्रुववृत्तावरील शहरे समुद्रकिनारी किंवा सखल भागात आहेत. नॉर्वेतील ट्रॉम्सो बंदरच आहे आणि फिनलंडमधील रोवानिएमी नदीकाठच्या सखल प्रदेशात वसले आहे. तेथे प्राणवायूची कमतरता नाही. म्हणजे ज्यांना डॉक्टरांनी उंच पर्वतावर जाण्यास मनाई केली आहे, त्यांना ध्रुवप्रदेशही वर्ज्य आहेच, असे नाही. तेथील प्रश्न थंडीचा, काळोखाचा आणि निसरड्या वाटेचा आहे.

या दोन शहरांतून निवड करायची झाली, तर मी प्रथम रोवानिएमी सुचवीन. ट्रॉम्सो ध्रुववृत्ताच्या पुष्कळ उत्तरेला असूनही तुलनेने उबदार आहे, कारण अटलांटिकचा उष्ण प्रवाह त्याच्या किनाऱ्याने वाहतो. पण त्यामुळेच तेथे बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि चढउतारांच्या रस्त्यांवर काचेसारखा थर धरतो. रोवानिएमीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज जातो, कधी तीसपर्यंतही उतरतो. तरी थंडी कोरडी, वारा बेताचा आणि रस्ते बहुतांशी सपाट. वृद्ध पावलांना वितळलेल्या बर्फापेक्षा कडक, करकरणारे हिम अधिक सोयीचे असते. अर्थात पुण्याच्या वेधशाळेतील नीचांकी तापमान १.७ अंश आहे आणि तेही १९३५ च्या जानेवारीतले, हे ध्यानात ठेवून मगच ‘मला थंडी सोसते’ असे म्हणावे.

केव्हा जावे? शाळांना नाताळची सुट्टी असते म्हणून बहुतेक कुटुंबे डिसेंबरअखेर निघतात. तेव्हा सारे काही सर्वांत महाग असते आणि काळोखही सर्वांत दाट. २२ डिसेंबरच्या सुमारास रोवानिएमीत सूर्य जेमतेम सव्वादोन तास क्षितिजावर राहतो. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. जानेवारीच्या शेवटी रोवानिएमीतील दिवस सुमारे सहा तासांचा होतो, बर्फ भरपूर असतो, गर्दी ओसरलेली असते आणि रात्र ध्रुवीय प्रकाश पाहण्यास पुरेशी लांब असते. नातवंडे प्राथमिक वर्गांत असतील, तर शाळेशी बोलून जानेवारीअखेरचा आठवडा साधावा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर युरोपातील शाळांच्या हिवाळी सुट्ट्या सुरू होतात आणि दर पुन्हा चढतात. नातवंड दहावीत असेल, तर ही सहल एक वर्ष पुढे ढकलणेच बरे.

ही सहल स्वस्त नाही, परंतु ती किती महाग करायची हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. खर्च वाढतो तो रोज गाव बदलण्याने, उपाहारगृहांत जेवण्याने आणि दररोज एखादी ‘सफारी’ घेण्याने. ज्येष्ठांना थकवणाऱ्याही याच तीन गोष्टी आहेत. एकच शहर, स्वयंपाकघर असलेले एकच घर आणि सात दिवसांत एकच मोठा खर्चाचा कार्यक्रम, अशी आखणी केली की पैसा वाचतो आणि औषधांच्या वेळाही सांभाळल्या जातात. हेलसिंकीहून रोवानिएमी सुमारे ८०० किलोमीटर आहे. तेथवर रात्रीची आगगाडी जाते, तिच्यात दोन बर्थच्या बंद खोल्या मिळतात. तिकीट लवकर काढले तर विमानाचा आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचतो. वरच्या बर्थवर शिडीने चढावे लागते, तेव्हा आजोबांसाठी खालचा बर्थ आधीच ठरवून ठेवावा.

रोवानिएमीत फुकट मिळणारा आनंदही पुष्कळ आहे. शहराच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर ध्रुववृत्त ओलांडता येते, तेथे शहरबस जाते आणि सांताक्लॉजच्या गावात फिरण्यास प्रवेशशुल्क नाही. (त्याच्यासोबतच्या छायाचित्राला मात्र पैसे पडतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.) मुलांना प्लास्टिकची घसरपट्टी घेऊन दिली की टेकाडावरून घसरण्यात दुपार सरते. अल्वार आल्तो या थोर वास्तुविशारदाने रचलेले सार्वजनिक ग्रंथालय १९६५ मध्ये उघडले. ते उबदार, शांत आणि सर्वांना खुले आहे. नातवंडे बर्फात असताना आजी तेथे निवांत बसू शकते. रात्री आकाश निरभ्र असेल, तर आर्क्टिकुम संग्रहालयामागील नदीकाठावरूनही ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. तो दिसेलच, अशी हमी कोणतीही महागडी सफारीही देऊ शकत नाही.

कपड्यांबाबत एक युक्ती आहे. अंगालगतचे लोकरी थर पुण्यातून न्यावेत. वरचा जाड पोशाख आणि बूट तेथे भाड्याने मिळतात. मुले वर्षभरात वाढतात, त्यांच्यासाठी हे विकत घेण्यात अर्थ नाही. सुती बनियन घामाने ओले होते आणि अंग गार पाडते, म्हणून आतला थर सुती नको. साडीचा आग्रह असलेल्या आजींनी तो घरात जरूर चालवावा, बाहेर पडताना मात्र सलवार किंवा विजार हवी.

शिधा नेताना जपावे. युरोपीय संघात बाहेरील देशांतून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे आणि श्रीखंडाचा डबा घरी ठेवावा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, बाकरवडी खुशाल न्यावी. तांदूळ आणि मसूर तेथील दुकानांत मिळतात. नळाचे पाणी निर्धोक असते, बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. शुल्क २०२४ च्या जूनपासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो आहे, त्याहून लहानांना माफ. सेवा केंद्राचा आकार निराळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो घेताना मधुमेह, रक्तदाब किंवा जुनी शस्त्रक्रिया लपवू नका. दावा नाकारला जातो तो बहुधा तेथेच. आई-वडिलांविना आजी-आजोबाच नातवंडांना नेणार असतील, तर दोन्ही पालकांचे संमतिपत्र लागते.

आता शरीराकडे वळू. थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक काम पडते. म्हणून रक्तदाब मोजण्याचे घरचे यंत्र सोबत असावे. उबदार घरातून थेट बाहेर न पडता दारालगतच्या खोलीत दोन मिनिटे थांबावे, नाकातोंडावर मफलर घ्यावा. दम्याच्या रुग्णांना याने फार फरक पडतो. तेथील बाष्पस्नानगृह, म्हणजे सौना, आणि लगेच बर्फात उडी हा हृदयरोग्याचा खेळ नव्हे. इन्सुलिन गोठले की निकामी होते : विमानात ते हातातील पिशवीत आणि बाहेर आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावे. ग्लुकोमीटरही अति थंडीत चुकीचा आकडा दाखवतो किंवा बंद पडतो, साखर घरातच मोजावी. फिनलंडचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास असते, त्यानुसार औषधांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. गोळ्यांची मूळ, रासायनिक नावे असलेली चिठ्ठी जवळ हवी.

संकोचामुळे कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट म्हणजे, थंडीत लघवी वारंवार होते. चार थर कपडे आणि प्रोस्टेटचा त्रास यांची गाठ पडली की आजोबा पाणी पिणेच सोडतात. मग कोरड्या, तापवलेल्या हवेत बद्धकोष्ठता आणि चक्कर आलीच. काळजी घेणाऱ्यांनी बाहेर पडण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवावे आणि पाणी आठवणीने द्यावे.

तरीही ज्येष्ठांना खरा धोका आहे तो पडण्याचा. बर्फावर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर त्याची किंमत सहलीपुरती राहत नाही. बुटांना चढवायचे रबरी पट्ट्यांचे लोखंडी काटे तेथील दुकानांत सहज मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत आणि दुकानात शिरताना काढावेत, कारण फरशीवर तेच घसरतात. पावले लहान टाकावीत, हात खिशात नकोत. हाडे ठिसूळ असतील, तर हिमस्कूटरमागून ओढली जाणारी घसरगाडी टाळावी. तिचे धक्के मणक्याला बसतात. निघण्यापूर्वी दोन महिने तळजाईवर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर चालण्याचा सराव ठेवावा. पर्वती चढताना छातीत दुखत असेल, तर तिकिटे काढण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

मुले थंडीची तक्रार उशिरा करतात आणि मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. पळणारे मूल ऊब राखते, ढकलगाडीत बसलेले बाळ नाही. पहिले लक्ष त्याच्याकडे हवे. अर्ध्या-पाऊण तासाने सर्वांनी आत यावे. बोट किंवा नाकाचा शेंडा पांढरट आणि बधिर झाला, तर ती हिमदंशाची सुरुवात असते. तेथे बर्फ चोळू नये, शेकोटीही नको. कोमट पाण्यात अवयव ठेवावा आणि बधिरता जात नसेल तर ११२ क्रमांकावर मदत मागावी.

काही ज्येष्ठांनी जाऊ नये, हेही स्पष्ट म्हणायला हवे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फुप्फुसाचा जुना आजार बळावलेला असेल, तर मोह आवरावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनोळखी घरातील लांब काळोख फार गोंधळवतो. अशा वेळी ‘आमच्यामुळे तुमची सुट्टी बुडाली’ असे आजीने म्हणू नये आणि तिला तसे वाटेल असे घरातल्यांनी वागू नये. शुश्रूषा करणाऱ्या सुनेलाही वर्षातून आठ दिवस मोकळा श्वास हवा असतो. मागे कोण राहील, रात्री कोणाला हाक मारायची, औषधे कोण देईल, हे तिकिटांइतक्याच लवकर ठरवावे. येणाऱ्या मदतनिसाला आदल्या आठवड्यापासून घरात रुळू द्यावे.

आणि संपर्काची वेळ नेमून घ्यावी. रोवानिएमीत संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा पुण्यात साडेदहा झालेले असतात. आजी त्या वेळेपर्यंत जागी असेल, तर नातवाने नदीकाठावर उभे राहून तिला आकाश दाखवावे. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, तेव्हा फोन शेवटच्या क्षणापर्यंत आतल्या खिशात असू द्यावा.