तीन बोटं

रात्री दोनला उठून बसलो ते सकाळपर्यंत. डावीकडची खालची दाढ होती, शेवटून दुसरी. घाटंजीहून पहिल्या एसटीनं यवतमाळला आलो, दवाखान्यातल्या खुर्चीत आडवा झालो. मॅडम म्हणाल्या, "मोठा आ करा."

मी केला.

"अजून मोठा."

"एवढाच होतो, मॅडम."

त्यांनी हातातला छोटा आरसा खाली ठेवला. "तुमचीच तीन बोटं एकावर एक ठेवा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा." दोन बोटं कशीबशी गेली. तिसरं दातावरच अडलं. मग त्यांनी पट्टी लावून मोजलं. २१ मिलीमीटर. साधारण मोठ्या माणसाचं तोंड ३५ ते ४५ मिलीमीटर उघडतं.

"खर्रा किती वर्षं?"

मी खर्ऱ्याचं काहीच बोललो नव्हतो. "नऊ," म्हटलं. वय तेव्हा सव्वीस.

"दाढ वाचण्यासारखी आहे. रूट कॅनल करता येईल. पण माझं मशीन तिथवर पोचायला जागाच नाही. काढायची म्हटली तरी चिमटा आत जायला पाहिजे ना?"

म्हणजे दुखणं साधं होतं, त्यावरचा इलाजही रोजचाच. पण दारच उघडत नव्हतं. गोळ्या लिहून दिल्या आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या नावानं चिठ्ठी.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेलेवाला हे सगळं पन्नीत घालून घोटून देतो. आमच्याकडे खर्रा खाणं हे व्यसन कमी आणि रीत जास्त. सोयरीक बघायला गेलात, खर्रा. मयतीला गेलात, खर्रा. कापूस घेऊन जिनिंगवर नंबर लावून बसलात, तर खर्ऱ्याशिवाय वेळ जात नाही. समोरच्यानं पन्नी पुढं केली आणि तुम्ही चिमूटभर घेतला नाही, तर "आमचा नाही चालत का?" असं ऐकावं लागतं. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. खर्रा तर ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. त्या पन्नीवर ना कंपनीचं नाव, ना कर्करोगाचं चित्र.

माझी सुरुवात मात्र दाढेपासूनच झाली. बारा वर्षांचा असताना दाढ दुखायला लागली. आजीनं चंचीतून तंबाखूची चिमूट काढली, चुना लावला आणि म्हणाली, "दाब दाढीखाली. थुंकत जाय." दाढ बधिर झाली, मी झोपलो. आजीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तिला तेवढंच ठाऊक होतं. आमच्या गावात दातांचा डॉक्टर नव्हता, आजही नाही. पण बधिर होणं आणि बरं होणं यातला फरक मला कोणी सांगितला नाही. दाताची कीड म्हणजे काही अळी नसते. तोंडातले जंतू गोडावर, पिठूळ खाण्यावर जगतात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. खड्डा लहान असताना तो भरून घेता येतो. नसेपर्यंत पोचला की रूट कॅनल. माझ्या खड्ड्याला मी तंबाखूखाली झाकून चौदा वर्षं दिली. सतराव्या वर्षी शिकायला यवतमाळला आलो, तिथं खर्रा लागला. पुढं कृषी केंद्रात नोकरी लागली, तर दिवसाला पाच-सहा.

खुणा दिसत होत्या. आधी ठेचा झोंबायला लागला. मग साधी वांग्याची भाजीही. आई म्हणायची, "काऊन रे, जेवून नाही राहिला? तिखट तं टाकलंच नाही म्या." पाणीपुरी सोडली, कारण ती अख्खी तोंडात जाईना. भाकरीचा घास लहान होत गेला. शिट्टी वाजेनाशी झाली. यातलं एकही एका दिवसात घडलं नाही, म्हणून एकही मोठं वाटलं नाही. हिरड्यांतून रक्त येत नव्हतं, तर मी समजायचो हिरड्या ठणठणीत. मॅडमनी सांगितलं, निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे पुष्कळदा रक्त दिसत नाही आणि आतला आजार लपून राहतो. जिथं मी खर्रा दाबून ठेवायचो, तिथली हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं होतं.

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात तो नोंदला गेला, पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशींनी त्याबद्दल लिहिलं. गालाच्या आतली मऊ कातडी पांढुरकी पडते आणि तिच्याखाली दोरखंडासारखे ताठ पट्टे तयार होतात. माझा समज होता की हे तंबाखूचं काम. नाही, हे मुख्यतः सुपारीचं काम. सुपारीतलं अरेकोलिन कातडीखालच्या पेशींना जास्त धागे विणायला लावतं, आणि विणलेले धागे शरीराला उलगडता येत नाहीत. तंबाखूमुळे कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तर नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय.

हे कळायच्या आधी मी शहाणपणा केला होता. तंबाखू सोडून साधी सुपारी चघळत होतो. सुपारी तर पूजेत असते, लग्न ठरलं की सुपारी फुटते, तिचं काय वाईट? नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या खिशातली पुडी टेबलावर ठेवायला लावली. म्हणाले, "चोराला घराबाहेर काढलं आणि त्याच्या भावाला किल्ली दिली तुम्ही."

मग दर आठवड्याला कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर. दोन्ही गालांत आतून इंजेक्शनं. त्यात स्टेरॉईड आणि धागे सैल करणारं हायल्युरोनिडेज. भूल असते, तरी डोळ्यांतून पाणी येतं. घरी व्यायाम. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, थोडा वेळ धरायच्या, जमेल तशी एक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरखाली तोंड करून काड्या धरायचो. पहिल्या दिवशी अकरा गेल्या.

सोडणं सगळ्यात जड गेलं. पहिले दहा दिवस चिडचिड, झोप नाही, हात आपोआप खिशात. दोनदा घसरलोही. एकदा मामाच्या तेरवीला, कारण पन्नी पुढं आली आणि नाही म्हणायला जीभ वळली नाही. दुसऱ्यांदा विनाकारण.

पाच महिन्यांनी पट्टीनं ३० दाखवले. मॅडमनी त्याच खुर्चीत तीन बैठकांत रूट कॅनल केलं. म्हणाल्या, "खूप लवकर आलात असं म्हणणार नाही, पण वेळेत आलात." आणखी उशीर झाला असता तर ऑपरेशन करून ते पट्टे कापावे लागले असते. आता तोंड आणखी किती उघडेल, सांगता येत नाही. पूर्वीसारखं होणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगितलंय. दर काही महिन्यांनी तपासायला जायचं. केरळात अशा ६६ रुग्णांकडे १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. ६६ मधले ५ जास्त की कमी, यावर मी बऱ्याच रात्री विचार केलाय.

परवा ठेल्यावर जुने मित्र भेटले. मी चहा घेतला. बोलता बोलता तीन बोटांचं सांगितलं, तर सगळ्यांनी गंमत म्हणून करून पाहिलं. दोघांची गेली. तिसऱ्याची दोनच गेली. तो हसत म्हणाला, "बोटंच जाड हायेत बे मायी." मग त्यानं पुन्हा एकदा करून पाहिलं, आमच्याकडे पाठ करून.

काल रात्री त्याचा फोन आला होता. नागपूरच्या ओपीडीत चिठ्ठी किती वाजता मिळते, विचारत होता.