मुका संच

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तीन दिवस मुके झालों होतों. घशास कांहीं झालें नव्हतें. कॉलेजांतील व्याख्यानें यथास्थित चाललीं होतीं आणि, विद्यार्थ्यांच्या दुर्दैवानें, आमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोंचतहि होता. मुका झाला होता तो आमच्या माडीवरचा हौशी रेडिओचा संच. त्याच्या आधारें आम्ही रोज सकाळीं सात वाजतां सावनेरास बसून मिरजेशीं बोलत असूं.

सावनेर म्हटलें म्हणजे वाङ्मयप्रेमी वाचकास २३ जानेवारी १९१९ हा दिवस आठवतो. गडकऱ्यांनीं येथेंच देह ठेवला. एरव्हीं आमच्या गांवाचें नांव निघतें तें संत्र्यांवरून नाहीं तर कोळशाच्या खाणींवरून. अशा गांवीं इंग्रजीच्या एका प्राध्यापकास पन्नाशीच्या उंबरठ्यावर सरकारी परीक्षा देण्याची आणि 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होणारें संकेतनाम मिळविण्याची बुद्धि कां झाली, हें घरांतील मंडळींस अद्याप उलगडलेलें नाहीं. आमचें उत्तर एकच: मिरजेचे अण्णा. हे निवृत्त गृहस्थ सहा वर्षांपूर्वीं आम्हांस प्रथम आकाशांत भेटले आणि पुढेंहि तेथेंच भेटत राहिले. त्यांचा चेहरा आम्हीं पाहिलेला नाहीं. ते आम्हांस 'गुरुजी' म्हणतात. एकमेकांचा दूरध्वनि-क्रमांक विचारावयाचा नाहीं, असा अर्धा थट्टेचा करार आम्हां दोघांत पहिल्याच महिन्यांत झाला होता.

बुधवारीं संध्याकाळीं दोष उघडकीस आला. मायक्रोफोनची कळ दाबली कीं आंतला रिले 'टक्' करी, अँमीटरचा कांटा थोडासा वर चढे आणि तेथेंच उभा राही. मग आम्ही कितीहि घसा ताणला तरी तो जागचा हालत नसे. ऐकूं मात्र सर्व येत होतें. हीं लक्षणें आम्हीं वहींत सुवाच्य अक्षरांत टिपून ठेविलीं आणि त्या पानाकडे पुन्हा पाहिलें नाहीं.

एरव्हीं हा दोष आम्हीं सावकाश शोधला असता. परंतु येत्या रविवारीं अण्णा मिरज सोडून पुण्यास मुलाकडे कायमचे राहावयास जाणार होते. तेथें सातव्या मजल्यावर एरियलची तार बांधण्यास परवानगी नव्हती. गुरुवारीं सकाळीं त्यांनीं तीनदां हांक मारली, थोडें थांबले आणि म्हणाले, "कॉलेजची गडबड असेल." शुक्रवारीं ते इतरांस विचारूं लागले, "गुरुजींची प्रकृति बरी आहे ना?" आम्ही मायक्रोफोन हातीं धरून मोठ्यानें, "बरी आहे, अण्णा, बरी आहे!" असें म्हणालों. तें फक्त खालीं स्वयंपाकघरांत ऐकूं गेलें.

आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्यांचा नंबर मी दोन मिनिटांत काढून देतों." आम्हीं "राहूं दे" म्हटलें. त्या नकारांत करार किती आणि अहंकार किती होता, हें तेव्हां तपासलें नाहीं. आतां तपासण्याचें धैर्य नाहीं.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं 'बिटएक्स' नांवाचा संच योजिला. त्यांत त्यांनीं महागडे परदेशी भाग टाळून बाजारांत मिळणाऱ्या वस्तूंवर भागविलें. तारेचीं वेटोळीं गुंडाळावयास नळाचा वायसरसुद्धां त्यांनीं चालविला. आमचा संच त्याच कुळांतला. त्याची खुबी अशी कीं ऐकणें आणि बोलणें हीं दोन्हीं बव्हंशीं एकाच वाटेनें जातात, फक्त उलटसुलट दिशांनीं. ऐकूं येत आहे म्हणजे मधली वाट शाबूत आहे. तेव्हां दोष एकतर मायक्रोफोनच्या टोंकाशीं असावा, नाहींतर शेवटच्या शक्तिवर्धक ट्रान्झिस्टरशीं. आम्हीं ट्रान्झिस्टरवर आळ घेतला. कारण सांगावयाचें तर तो महत्त्वाचा दिसतो, एवढेंच. शुक्रवारीं नागपुरास जाऊन सीताबर्डीवरून नवा आणला, जुन्याचा डाख काढतांना अंगठा भाजून घेतला, नवा बसविला. कांटा पूर्ववत् थोडा चढला आणि उभा राहिला.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हिंदुस्थानांतील हौशी मंडळींचे परवाने रद्द केले होते, तें आठवलें. पुढें १९४२ सालीं मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले आणि उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांची लहर ४२.३४ मीटरची, म्हणजे आमच्या आजच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यांतलीच जागा. त्यांचें तोंड सरकारास बंद करावें लागलें. आमचें आपोआप बंद झालें होतें, आणि तेंहि परवाना भिंतीवर टांगलेला असतां.

शनिवारीं रात्रीं हताश होऊन वही उघडली. 'कांटा थोडा वर चढतो.' शेवटचा ट्रान्झिस्टर मेला असता तर तो चढला कशाला असता? आमच्या पद्धतीच्या प्रेषणांत बोलणारा गप्प राहिला तर एरियलमधून कांहींच बाहेर जात नाहीं. ट्रान्झिस्टर नुसता जागा राहून शब्दांची वाट पाहतो. तो थोडा चढलेला कांटा हेंच सांगत होता. मूळ ग्रंथ न वाचतां टीकाकारांकडे धांवणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्षानुवर्षें फैलावर घेत आलों आहों. त्यांपैकीं कोणी त्या वेळीं माडीवर नव्हता, हें बरें झालें.

मायक्रोफोनच्या जोडापाशीं मल्टिमीटर लावला: व्होल्टेज शून्य. मायक्रोफोनची पिन उपसली: व्होल्टेज परत आलें. म्हणजे दोष संचांत नव्हताच. तो होता बाहेरच्या हातभर तारेंत. मायक्रोफोनच्या मानेशीं तार वांकून वांकून आंतील वेष्टण झिजलें होतें व मधली तार बाहेरच्या जाळीस चिकटली होती. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. बोलतांना येरझारा घालण्याची आम्हांस वर्गांतली संवय आहे, आणि तार तर हातभरच! मानेकडील चार बोटें तार कापून टाकिली, नव्यानें डाख दिला, आणि "हॅलो" म्हणतांच कांटा उडाला.

रविवारीं सात वाजतां आम्ही खुर्चीवर हात बांधलेल्या मुलासारखे बसून बोललों. "गुरुजी! आवाज स्वच्छ आहे. होतां कुठें?" आम्हीं सर्व हकीकत सांगितली. अण्णा पुष्कळ वेळ हंसले; मग म्हणाले कीं गच्चीवर शेजारचीं मुलें तार सोडावयास चढलीं आहेत, त्यांना पांच मिनिटें थांबवितों. मुलें अर्धा तास थांबलीं.

शेवटीं अण्णाच म्हणाले, "गुरुजी, पुण्याचा नंबर लिहून घेतां का?" आम्हीं पेन्सिल शोधली आणि त्याच वहींत, कांट्याच्या नोंदीखालीं, तो लिहून घेतला. अण्णांनीं तो एकेक आंकडा सुटा करून दोनदां सांगितला. आम्हीं तो परत वाचून दाखविला. "बरोबर," ते म्हणाले, आणि मिरजेकडून खरखर ऐकूं येऊं लागली.